तुम्ही नक्की काय बनवता?

शुक्रवार, १७ मार्च २०१७. रात्री पावणेदहाला मी कणीक मळत होते आणि फोन वाजला. हाताला पीठ, म्हणून यांनीच मेसेज वाचून दाखवला. सोमवारपासून असाइनमेंट नाही, बॅज ऑफिसात जमा करा. इंग्रजीतल्या दोन ओळी, खाली एजन्सीचं नाव. हे म्हणाले, "म्हणजे काढलं?" तसंही नव्हतं. टेम्प माणसाला, म्हणजे एजन्सीमार्फत तात्पुरतं काम करणाऱ्याला, कुणी काढत नाही, त्याची फक्त असाइनमेंट संपते.

आमच्या इचलकरंजीत माग बंद व्हायचे तेव्हा मालक दारात उभा राहून "उद्यापासून नको" म्हणायचा. आई कांड्या भरायची. तिला तेवढंही कुणी सांगितलं नाही. सकाळी गेली तर कुलूप. त्या मानानं मला लेखी कळवलं होतं.

वन्संनी अर्ज भरल्यावर बारा वर्षांनी आमचं ग्रीन कार्ड आलं. २०१३ साली आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला उतरलो. इचलकरंजीची बी.कॉम. इथे कुणी विचारात घेत नाही. तीन वर्षं एका देशी किराणा दुकानात भाज्या निवडल्या, डाळी पॅक केल्या, आणि २२ ऑगस्ट २०१६ ला एजन्सीमार्फत गोडाऊनला लागले. न्यू जर्सी टर्नपाइकचा ८ए एक्झिट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. क्रॅनबरी, मन्रो, साउथ ब्रन्सविक, जिकडे बघाल तिकडे खिडक्या नसलेल्या पांढऱ्या इमारती. आमचं त्यातलंच एक, पण लहान. सगळे मिळून चाळीसच्या आत. मूळ कंपनी नळ आणि व्हॉल्व्ह बनवायची, तिचा कारखाना पेन्सिल्व्हेनियात. माल आमच्याकडे यायचा, आम्ही खोक्यात भरून दुकानांना पाठवायचो.

माझं टेबल किटिंगचं. एका पारदर्शक पिशवीत पितळी नट एक, रबरी वॉशर दोन, प्लास्टिकची रिंग, षटकोनी चावी, ग्रीसची पुडी आणि तीन भाषांतलं पत्रक. पिशवी काट्यावर ठेवायची. वजनात जराही फरक पडला की लाल दिवा. दिवसाला सहाशे पिशव्या. हे सगळं इतक्या तपशिलात सांगतेय, कारण पुढे याच पिशवीवर गाडी अडली.

एप्रिलअखेर आमच्या गोडाऊनमधला पोलंडचा फोर्कलिफ्टवाला भेटला. वय अठ्ठावन्न. मी त्याला "काका" म्हणायचे. आमच्या भाषेत तो "साहेब" असावा अशी त्याची समजूत होती, आणि मी ती मोडली नाही. तो कंपनीच्या पगारपत्रकावरचा, म्हणजे कायम माणूस. त्याने सांगितलं, पेन्सिल्व्हेनियाच्या कारखान्यातल्या युनियननं अर्ज केला होता आणि तिथल्या लोकांना टीएए मंजूर झालं. पूर्ण नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. परदेशी व्यापारामुळे ज्यांची नोकरी जाते त्यांना शिक्षणाचा खर्च आणि शिकत असताना दर आठवड्याला थोडा पैसा. १९६२ साली केनेडींच्या काळात हा कायदा आला आणि १९७४ च्या ट्रेड अ‍ॅक्टनं त्याला आजचं रूप दिलं. मी तोवर कधी नावही ऐकलं नव्हतं. कारखान्याचं उत्पादन मेक्सिकोला गेलं होतं, एवढं मात्र आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरला, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांसाठीच्या सरकारी केंद्रात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कंपनीचं नाव टाकलं आणि मंजुरीचा कागद छापून आमच्यासमोर ठेवला. 'टीए-डब्ल्यू' आणि पुढे आकडा. त्याखाली कंपनी, गाव, राज्य. गाव पेन्सिल्व्हेनियातलं. बाई म्हणाल्या, "मंजुरी या पत्त्यापुरती. तुमचं गोडाऊन यात नाही."

मग त्यांनीच वाट दाखवली. तुमच्या पत्त्यासाठी वेगळा अर्ज करा. तो युनियन करू शकते, कंपनी करू शकते, राज्याचं रोजगार खातं करू शकतं, किंवा कुठलेही तीन कामगार. वकील लागत नाही, फी नाही. गट पन्नासच्या आतला असेल तर तिघांची नोकरी गेली तरी पुरतं. अर्जाच्या तारखेआधीच्या एका वर्षात ज्यांची नोकरी गेली ते सगळे त्यात येतात. हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. आदल्या दिवाळीच्या सुमारास आमच्यातल्या सहा जणांना घरी पाठवलं होतं. त्यांच्यासाठीही घड्याळ चालू होतं.

अर्ज फार मोठा नाही. पण एका रकान्याशी पेन थांबलं. तुमची कंपनी कोणती वस्तू बनवते किंवा कोणती सेवा पुरवते? आमच्याकडे बनत काय होतं? काका म्हणाला, "लिही, काही नाही." आमच्याबरोबर मेक्सिकोतल्या वाहाकाची एक जण होती, न्यू ब्रन्सविकला राहणारी, कंपनीची कायम कामगार. ती म्हणाली, "लिही, पाठदुखी."

हसण्यावारी नेलं, पण सगळा कायदा याच प्रश्नाभोवती फिरतो, हे नंतर कळलं. पूर्वी ही मदत वस्तू बनवणाऱ्यांसाठी होती. गोडाऊनवाले, वाहतूकवाले, हिशेब लिहिणारे, म्हणजे ज्यांच्या हातून वस्तू 'घडत' नाही ते, आपल्याच कंपनीच्या कारखान्याच्या उत्पादनाला हातभार लावत असतील तर कसेबसे बसायचे, नाहीतर नामंजूर. २००९ साली सेवा देणाऱ्यांनाही दार उघडलं. मग ते मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. २९ जून २०१५ ला ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं ते परत उघडलं. म्हणजे आमची नोकरी गेली ती वेळ बरी होती म्हणायची. नोकरी जायलाही मुहूर्त लागतो.

त्या रकान्यात शेवटी आम्ही लिहिलं: नळ व व्हॉल्व्ह यांचं किटिंग, पॅकिंग, साठवण आणि वितरण, हे सगळं आमच्याच कंपनीच्या पेन्सिल्व्हेनिया कारखान्यासाठी. शेजारी त्या कारखान्याच्या मंजुरीचा क्रमांक घातला. जागा उरली होती तिथे लिहिलं की इथे एजन्सीचे कामगारही याच कामावर होते. अर्ज माझ्या अक्षरात, सह्या मात्र काकाची, वाहाकाच्या बाईची आणि शिपिंगमधल्या एका पोराची. माझी नाही. वन-स्टॉपच्या बाईंनी सुचवलं होतं की सह्या पगारपत्रकावरच्याच तिघांच्या घ्या, म्हणजे "ही नक्की कुणाची कामगार?" हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहणार नाही. शहाणी बाई. अर्ज वॉशिंग्टनला कामगार खात्याकडे गेला, एक प्रत राज्याला. चाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असा कायदा होता.

दोन आठवड्यांनी तपास अधिकाऱ्याचा काकाला फोन आला. काकाचं इंग्रजी माझ्याहून तोकडं, म्हणून त्याने मला बोलावून घेतलं आणि स्पीकरवर आमचं बोलणं झालं. अधिकारी सौम्य होता. कंपनीला गोपनीय माहितीचा तक्ता पाठवलाय, म्हणाला, आणि कंपनीचं उत्तर आहे की गोडाऊनचं काम परदेशात गेलेलं नाही, ते टेक्सासला हलवलंय. देशातल्या देशात.

ते खरंच होतं. आणि मला वाटतं, गोडाऊनवाल्यांचे अर्ज इथेच मार खात असतील. गोडाऊन कुणी मेक्सिकोला नेत नाही, कारण गिऱ्हाईक इथे आहे. उलट आयात वाढली की गोडाऊनचं काम वाढतं. आमच्या समोरचीच इमारत नुअर्कच्या बंदरावरून येणाऱ्या कंटेनरांवर चालायची आणि ती आमच्याच लेऑफच्या आठवड्यात माणसं घेत होती. नळ आयात झाल्यानं नळ बनवणाऱ्याची नोकरी जाते, हे लहान पोरालाही कळेल. ते खोक्यात भरणारीची का जावी?

मी अधिकाऱ्याला एवढंच सांगितलं की साहेब, नळ पेन्सिल्व्हेनियात बनायचे तेव्हा ट्रक दोन तासांत आमच्या दारात यायचा. आता ते मेक्सिकोत बनतात आणि टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोच्या पुलावरून येतात. लारेडोहून न्यू जर्सीला आणून मग पुन्हा देशभर पाठवणार कोण? म्हणून गोडाऊन टेक्सासला गेलं. आणि एक सांगू का, सगळं काम टेक्सासलाही गेलेलं नाही. माझी ती पिशवी, नट-वॉशर-चावीची, आता तिकडूनच भरून येते. जानेवारीतच आमच्याकडे भरलेल्या पिशव्यांची खोकी यायला लागली होती, खोक्यावर 'एचो एन मेहिको' लिहिलेलं. त्याचा अर्थ, 'मेक्सिकोत बनवलेलं', वाहाकाच्या बाईनं सांगितला होता, आणि सांगताना ती काही हसली नव्हती.

पलीकडे काही सेकंद नुसता टंकनाचा आवाज. मग त्याने विचारलं, "त्या खोक्यांचा एखादा फोटो?" शिपिंगच्या पोराच्या फोनमध्ये निघाला. मुद्दाम काढलेला नव्हे, पोरगं पॅलेटवर बसून सेल्फी घेत होतं, मागे खोकी.

जुलैत निर्णय आला. मंजूर. उत्पादन परदेशी हलवल्याचा आमच्या नोकऱ्या जाण्यात महत्त्वाचा वाटा आहे, असं त्यात होतं. काकानं मला मिठी मारली. मी कागद तीनदा वाचला. कंपनीचं नाव, आमच्या गोडाऊनचा पत्ता, तारखा. ज्यांची नोकरी मंजुरीनंतरच्या दोन वर्षांत जाईल तेही पात्र. फक्त एजन्सीचा उल्लेख कुठेच नव्हता. कंपनीनं तक्ता भरताना आपल्या पगारपत्रकावरची तेवीस माणसं दाखवली होती. आम्ही बारा टेम्प त्यांच्या हिशेबी तिथे नव्हतोच.

त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला सांगू. अर्ज माझ्या हातचा आणि त्यात मीच नाही. हे म्हणाले, जाऊ दे, किराणा दुकानवाला परत बोलावतोय. पण सकाळी मी वन-स्टॉपला गेले. बाई म्हणाल्या, मंजुरीत दुरुस्ती मागता येते. दुसऱ्याच्या पगारावर असलेला माणूस जर मूळ कंपनीच्या जागेत आणि तिच्याच ताब्याखाली काम करत असेल तर त्याला मंजुरीत घेतात, असे कागद त्यांनी पाहिले होते. "ताबा" म्हणजे रोज काम कोण सांगतं, कसं करायचं कोण ठरवतं, चुकलं तर कोण बोलतं, नको झालं तर कोण घालवतं.

मग मी घरात शोधाशोध केली. पगाराच्या चिठ्ठ्या एजन्सीच्या, त्या उलट माझ्याच विरुद्ध जाणाऱ्या. शिफ्टचं वेळापत्रक मात्र कंपनीच्या सुपरवायझरनं मेसेजवर पाठवलेलं. माझ्या पिशव्यांचं वजन चुकलं म्हणून दिलेला ताकीदपत्राचा कागद, तेव्हा डोळ्यांत पाणी आलेलं, तो कंपनीच्या लेटरहेडवर! आणि बॅज. एजन्सीचं ऑफिस न्यू ब्रन्सविकला, आमच्याकडे गाडी एकच, जमा करायला जाणं लांबत गेलं आणि बॅज पोळपाटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. वर कंपनीचं बोधचिन्ह, मध्ये माझा फोटो, खाली बोटभर स्टिकरवर एजन्सीचं नाव. मी त्याचा फोटो काढला, पीठ पुसून.

ई-मेलात पाच वाक्यं लिहिली. मला काम कंपनीचा सुपरवायझर सांगायचा. जेवणाची सुट्टी तो द्यायचा. स्कॅनर कंपनीचा. ताकीद कंपनीची. एजन्सीचा माणूस सात महिन्यांत एकदाच आला होता, नाताळात डोनट घेऊन. सोबत चार कागद. सप्टेंबरमध्ये दुरुस्त मंजुरी आली, त्यात "त्या जागेवर काम करणारे एजन्सीचे कामगार धरून" अशी ओळ आणि पुढे आमच्या एजन्सीचं नाव. अकरा जणांना मी स्वतः फोन केले. तीन नंबर बंद लागले.

गटाला मंजुरी मिळाली तरी प्रत्येकानं स्वतःची पात्रता वेगळी दाखवायची असते. आठवड्याच्या पैशासाठी, म्हणजे टीआरएसाठी, नोकरी जाण्याआधीच्या बावन्न आठवड्यांत त्याच कामावर निदान सव्वीस आठवडे, आठवड्याला किमान तीस डॉलर मिळवलेले हवेत. तीस डॉलर म्हणजे काहीच नाही, पण सव्वीस म्हणजे सव्वीस. २२ ऑगस्ट ते १७ मार्च, मोजले तर तीस आठवडे. त्यातले पाच मी इचलकरंजीत होते, आईच्या मोतीबिंदूसाठी. उरले पंचवीस. किराणा दुकानाचे आठवडे यात चालत नाहीत. एका आठवड्यासाठी सगळं घोडं पेंड खाणार होतं.

वाचवलं ते एका पोटकलमानं. मालकाच्या परवानगीनं घेतलेली सुट्टी सात आठवड्यांपर्यंत कामाचे आठवडे म्हणून धरतात. परवानगीचा पुरावा? एजन्सीच्या पोरीचा जुना मेसेज सापडला: "ओके, आल्यावर कळवा, मम्मीला शुभेच्छा." काउन्सेलरनं तो छापून फायलीला लावला. आईला फोनवर सांगितलं की तुझ्या डोळ्यामुळे अडलं होतं आणि तुझ्या डोळ्यामुळेच सुटलं. तिला काही कळलं नाही, पण ती खूश झाली.

पुढचं भराभर सांगते. बेकारी भत्ता सप्टेंबरअखेर संपला, मग टीआरए तेवढ्याच रकमेचा, आठवड्याला अडीचशेच्या आसपास, पण वर्गात नाव घातलेलं असेल तरच. नाव घालायला सव्वीस आठवड्यांची मुदत होती, ती चुकवून चालणार नव्हतं. फी सरकार थेट कॉलेजला देतं. कोर्स मंजूर करायला सहा कसोट्या आहेत, त्यातली कळीची ही की शिकून झाल्यावर नोकरी मिळण्याची रास्त शक्यता हवी. काउन्सेलरनं मला मेडिकल बिलिंग सुचवलं, बी.कॉम. आहात म्हणून. मी म्हटलं, "नको. ते काम उद्या पुण्याला जाईल." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या गोऱ्या गृहस्थाचं अकाउंट्सचं काम खरोखरच पुण्याला गेलं होतं, आणि तोही याच कायद्याखाली आला होता. त्यानं विचारलं, तुम्ही भारतात कुठल्या? मी म्हटलं, कोल्हापूरकडची. यात खोटं काही नव्हतं.

मी निवडलं ते हॉस्पिटलमधली ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं काम. न्यू जर्सीत त्याला कायद्यानंच प्रमाणपत्र लागतं, आणि रक्ताळलेली कात्री धुवायला कुणी मेक्सिकोला पाठवत नाही. ऑक्टोबरात इंग्रजीचा वर्ग, मग कोर्स, मग हॉस्पिटलमध्ये चारशे तास. २०१८ च्या उन्हाळ्यात परीक्षा पास झाले. काकानं शिकायला साफ नकार दिला. तो पन्नाशीपलीकडचा, त्याला दुसरी सोय होती. गोडाऊनमध्ये ताशी एकोणीस मिळायचे, नवीन नोकरी पंधराची. आठवड्याला एकशेसाठचा फरक, त्यातला निम्मा, म्हणजे ऐंशी, सरकार भरून देणार. जास्तीत जास्त दोन वर्षं, दहा हजार डॉलरपर्यंत. वाहाकाची बाई कशालाच आली नाही. तिला दोन लहान मुलं, आठवडाभर हातात पैसा हवा होता. ती आठच दिवसांत समोरच्या इमारतीत लागली होती, आयातीच्या कंटेनरांवर. अर्जावर सही तिची आणि एक डॉलरही घेतला नाही.

२०२३ च्या गणपतीत आमच्या खालच्या मजल्यावरचा साताऱ्याचा मुलगा वर आला. वेअरहाऊसला होता, एजन्सीमार्फतच. "ताई, तुम्ही तो कुठला फॉर्म भरला होता म्हणे?" मला त्याला सांगावं लागलं. १ जुलै २०२१ पासून नियम जुन्यासारखे आखडले, सेवावाले पुन्हा बाहेर. आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणंच बंद, कारण काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मुदत वाढवली नाही. आधी मंजूर झालेल्यांना मिळतं, नव्यांना दार नाही. वन-स्टॉपला दुसरी योजना आहे, नोकरी गेलेल्यांच्या प्रशिक्षणाची. तिला व्यापाराशी देणंघेणं नाही, पण पैसा मर्यादित. सोमवारी माझी सुट्टी होती, त्याला घेऊन गेले. काउंटरवर आता दुसरीच बाई. तिनं फॉर्म पुढे सरकवला. पोरगं भरत बसलं आणि एका रकान्याशी थांबलं.

"ताई, इथे कामाचं स्वरूप विचारलंय. वेअरहाऊस लिहू?"

"नुसतं वेअरहाऊस नको," मी म्हटलं. "सकाळी गेल्यावर पहिली वस्तू हातात कुठली घ्यायचास, तिथपासून सांग. बॅज आहे का तुझा?"

"तो त्यांनी त्याच दिवशी काढून घेतला."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि पेन मागून घेतलं.